‘कळत नाही’ आणि ‘नुसते अनुभवा’

समकालीन दृश्यकलेसंबंधी मराठी साहित्याच्या वर्तुळात दोन वाक्ये वर्षानुवर्षे फिरत आहेत. पहिले वाक्य आपले, म्हणजे मराठी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांचे : ‘त्यातले आम्हाला काही कळत नाही बुवा.’ दुसरे वाक्य गॅलऱ्यांच्या दिशेने येते आणि त्याचा सूर समजावणीचा असतो : ‘कळायचे कशाला? नुसते अनुभवा.’ वरवर पाहता ही वाक्ये परस्परविरोधी वाटतात. माझे म्हणणे असे, की ती एकमेकांची सोय पाहणारी वाक्ये आहेत. पहिले वाक्य आपल्याला गॅलरीत जाण्यापासून वाचवते आणि दुसरे, चुकून गेलोच, तर विचार करण्यापासून वाचवते. दोन्हींचा परिणाम एकच : मुंबईसारख्या शहरात गेल्या तीन-चार दशकांत मांडणशिल्प, व्हिडिओ, छायाचित्र आणि चित्र या माध्यमांतून जे काही गंभीरपणे बोलले गेले, त्याच्याशी मराठी समीक्षेने जवळजवळ बोलणेच ठेवलेले नाही.

प्रथम ‘कळत नाही’चा समाचार घेऊ. हे वाक्य उच्चारणारा माणूस कोण आहे? तो मर्ढेकर शिकवतो. मर्ढेकरांची कविता प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर दुर्बोधतेचा आणि अश्लीलतेचा आरोप झाला होता, हे तो विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि आरोप करणाऱ्यांची वर्गात थोडी टिंगलही करतो. तो अरुण कोलटकर शिकवतो. कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून वावरले, हे त्याला ठाऊक असते. पण ही माहिती ‘कविपरिचया’च्या चार ओळींत संपते. काळा घोडा चौकातल्या माणसांवर, कुत्र्यांवर, कचऱ्यावर कोलटकरांनी २००४ साली इंग्रजीत अख्खा संग्रह दिला. त्या चौकापासून जहांगीर कलादालन चार पावलांवर आहे. संग्रहावर पेपर वाचायला आपण परगावच्या चर्चासत्राला जातो. त्या चार पावलांचे मात्र आपल्याला वावडे आहे.

न कळणे हा गुन्हा नव्हे. न कळण्याशी थांबणे हा समीक्षेतला गुन्हा आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच घरात आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या कवितेतले कितीतरी शब्द आणि संदर्भ आपल्या परिचयाचे नाहीत हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. आणि मग काय केले? ‘आम्हाला कळत नाही’ म्हणून ते गप्प बसले नाहीत, किंवा ‘कळायचे कशाला’ असेही त्यांनी वाचकाला सुचवले नाही. ते विचारत गेले, त्या जगाची ओळख करून घेत गेले आणि आपल्या अपरिचयालाच त्यांनी प्रस्तावनेचा विषय केले. मराठी समीक्षेत न कळण्याचा इतका उत्तम उपयोग फार थोड्या वेळा झाला असेल. ढसाळांच्या कवितेसमोर जी मेहनत आपण मान्य करतो, ती पत्र्याच्या, तारेच्या, पडद्यावरच्या प्रतिमेसमोर मान्य करायला आपली तयारी का नसावी?

यात भर अशी, की एम. ए.ला आपण सौंदर्यशास्त्र शिकवतो! मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) ही नावे आपल्या अभ्यासक्रमांतून आलेली आहेत. मर्ढेकरांची लयतत्त्वे केवळ कवितेसाठी नव्हती. संवाद, विरोध आणि समतोल यांचा विचार त्यांनी सर्व ललितकलांना कवेत घेऊन केला. पाटणकरांनी लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी जी दोन टोके मांडली, ती कलाविचाराची टोके आहेत, फक्त साहित्यविचाराची नव्हेत. पण आपल्या वर्गात हा सारा विचार एकही चित्र न दाखवता शिकवला जातो आणि एकही चित्र न पाहता परीक्षेत लिहिला जातो. पोहण्याचे शास्त्र कोरड्या फळ्यावर शिकवावे, तसा हा प्रकार आहे. विद्यार्थी ‘कलेची स्वायत्तता’ यावर दहा गुणांचे उत्तर लिहितो. स्वायत्त म्हणवणारी एखादी कलाकृती समोर ठेवली तर ‘सर, यातले काही कळत नाही’ म्हणतो. दोष त्याचा नाही, त्याच्यासमोर फळाच फक्त ठेवणाऱ्यांचा आहे.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? साहित्यवाल्यांनी साहित्य पाहावे, चित्रवाल्यांनी चित्र. बिघडले ते असे. १९९२-९३च्या दंगलींनी मुंबई बदलली हे आपण सगळेच म्हणतो. त्या बदलाची जी दृश्य नोंद झाली तिचा मोठा भाग मराठीच्या स्मृतीत नाही. दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले वृत्तपत्रीय छायाचित्र घेऊन विवान सुंदरम यांनी १९९३ साली ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प केले. त्या छायाचित्राला खिळे ठोकले, त्याच्याभोवती स्मारकाची रचना उभी केली; बेवारस मृत्यूला समाधीचा मान दिला. रुम्माना हुसेन यांनी बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर स्वतःचे शरीर, घर आणि राष्ट्र यांच्या संबंधाविषयी जे काम केले, त्यातले ‘होम/नेशन’ १९९६ साली मुंबईतच केमोल्ड गॅलरीत मांडले गेले. १९९९ साली त्या वारल्या. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नने ‘सेंच्युरी सिटी’ हे प्रदर्शन भरवले. विसाव्या शतकातली नऊ शहरे आणि प्रत्येक शहराचा एक कालखंड अशी त्याची योजना होती. पॅरिस, व्हिएन्ना, मॉस्को, न्यूयॉर्क यांच्या पंगतीला मुंबई होती आणि तिचा कालखंड होता १९९२ ते २००१. गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी तो विभाग रचला होता.

म्हणजे ज्या दशकात आपण ‘महानगरीय जाणिवेची मराठी कविता’ या विषयावर चर्चासत्रे भरवत होतो, त्याच दशकाचे त्याच महानगराचे दृश्य दप्तर इंग्रजीत तयार होत होते आणि लंडनमध्ये उघडले जात होते. या शहराच्या एका भळभळत्या जखमेचा इतिहास लिहायचा झाल्यास उद्याच्या मराठी अभ्यासकाला आपल्या भाषेत किती लेख सापडतील? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला माहीत आहे आणि ते लाजिरवाणे आहे.

आता, साहित्याच्या माणसाला या कामांसमोर उभे राहून काय करता येते, हेही पाहू. नलिनी मालानी यांचे ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ-मांडणशिल्प १९९९ साली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांसमोर आले. पार्श्वभूमी १९९८च्या अणुचाचण्यांची, आधार मंटोच्या कथेचा. भिंतींवर मोठ्या चलत्प्रतिमा आणि जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका. ट्रंकांत टीव्हीचे पडदे. यात न कळण्यासारखे काय आहे? ट्रंक ही वस्तू मराठी वाचकाला कोणी समजावून द्यायला हवी का? गिरणीत लागायला आलेल्या चाकरमान्याची ट्रंक, बदलीच्या गावी जाणाऱ्या मास्तरांची ट्रंक, लग्नात रुखवताबरोबर आलेली ट्रंक. माणसाला आपले घर उचलून न्यावे लागते तेव्हा जे उरते ते ट्रंकेत मावते. फाळणीचा निर्वासित आणि अणुयुद्धाचा संभाव्य निर्वासित यांना मालानी त्या एका वस्तूने जोडतात. हे ‘प्रतिमेचे स्थानांतर’ आहे. कवितेत आपण ते रोज वर्गात दाखवतो. फरक इतकाच, की इथे प्रतिमेच्या मधून चालावे लागते आणि पडद्यांचा एक संच पाहताना दुसरा पाठीमागे राहतो. सगळे एकाच वेळी पाहता येत नाही, ही इथली अडचण नसून इथले विधान आहे. इतिहासाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसालाही सगळे एकदम दिसत नसते.

दुसरे उदाहरण अतुल दोडियांच्या शटरांचे. दुकानाला असते तसे पत्र्याचे गुंडाळते शटर. त्याच्यावर एक चित्र आणि शटर वर केले की आत दुसरे. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कामात बाहेर लक्ष्मी आहे आणि आत हुंड्याच्या चिंतेने गळफास घेतलेल्या तीन बहिणी. मुंबईकराला शटरची भाषा येते. शटर खाली म्हणजे बंद, दंगल, कर्फ्यू, संप, धाड. शटर वर म्हणजे धंदा सुरू, सगळे सुरळीत. दोडिया हा संकेत उलटा करतात. इथे शटर खाली असते तेव्हा समृद्धी दिसते आणि वर गेले की प्रेत. विरोध आणि समतोल या मर्ढेकरी कोटी इथे लावून पाहा; त्या किती पुरतात आणि कुठे अपुऱ्या पडतात, हा एम. ए.च्या विद्यार्थ्याला देण्याजोगा उत्तम प्रश्न आहे. कारण लक्ष्मी आणि प्रेते यांच्यात ‘समतोल’ साधायचाच नाही, असा या कृतीचा हट्ट असेल तर? लयतत्त्वाला बसणारा हा धक्का फळ्यावर कसा शिकवणार?

इतके झाल्यावर दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे ‘नुसते अनुभवा’कडे वळू. हे वाक्य दिसते उदार, पण आज ते बाजाराचे घोषवाक्य झालेले आहे. व्हॅन गॉगची चित्रे मोठ्या भिंतींवर प्रक्षेपित करून संगीताच्या साथीने दाखवणारे ‘इमर्सिव्ह’ खेळ जगभर तिकिटांवर चालले. त्यात व्हॅन गॉगच्या हातचे एकही चित्र नसते. रंगाचा थर, फटकाऱ्याची दिशा, कॅनव्हासचा लहानगा आकार, म्हणजे ज्या गोष्टींमुळे ते चित्र चित्र होते, त्या काढून टाकल्या की जे उरते त्याला ‘अनुभव’ म्हणायचे! २०२३ साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात मॉरिझिओ कॅटलन आणि पिएरपाओलो फेरारी यांच्या ‘टॉयलेटपेपर’ या प्रकल्पाचे प्रदर्शन झाले. भडक रंगांच्या खोल्या, उपहासाने भरलेल्या वस्तू. उपभोगाची टिंगल हा ज्या कामाचा विषय, त्याच्यासमोर प्रेक्षक स्वतःचे फोटो काढण्यात गर्क! ही विसंगती कामातलीच आहे की कामाला गिळणारी आहे, हा खरा समीक्षेचा प्रश्न. ‘नुसते अनुभवा’ म्हटले की तो विचारायचीच सोय उरत नाही.

याच कॅटलनने २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात भिंतीला चिकटपट्टीने एक केळे लावले. त्याचे नाव ‘कॉमेडियन’. २०२४च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्या एका प्रतीला ६२ लाख डॉलर मिळाले आणि खरेदीदाराने ते केळे खाऊन टाकले. आपल्याकडे यावर विनोद पुष्कळ झाले. विनोदाला माझी हरकत नाही; ते केळे विनोद म्हणूनच लावलेले होते. हरकत आहे ती विनोदाने विचाराची जागा घेण्याला. केळ्याची किंमत ठरते कशी, लोक विकत घेतात ते केळे की ते लावण्याचा अधिकार देणारा कागद, कलाकृतीचे ‘असणे’ कशात असते, हे प्रश्न पाटणकरांच्या वाचकाला परके वाटू नयेत. पण आपण केळ्याला हसलो आणि पाटणकर कपाटात ठेवले. वासुदेव गायतोंड्यांच्या बाबतीत तरी वेगळे काय घडले? गिरगावात वाढलेल्या, जे. जे.त शिकलेल्या या चित्रकाराचे सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली भरवले. पण सर्वसाधारण वाचकापर्यंत पोचली ती २०२१ साली त्यांच्या एका चित्राला मिळालेली ३९.९८ कोटींची किंमत. जिथे समीक्षा बोलत नाही तिथे किंमत बोलते.

‘अनुभव’ या शब्दाला मराठी समीक्षेत मोठा इतिहास आहे, हेही या निमित्ताने आठवावे. अनुभवाची प्रामाणिकता, अनुभवाची व्यामिश्रता, अनुभवविश्व या शब्दांवर आपली नवसमीक्षा उभी राहिली. मग दलित साहित्याने तिला एक साधा प्रश्न विचारला : कोणाचा अनुभव? अनुभव ही निर्मळ, जातिवर्गविरहित वस्तू नसते; अनुभव घेणारे शरीर कोठे वाढले, त्याला कोठे प्रवेश मिळाला आणि कोठे नाकारला गेला, यावर अनुभव ठरतो. हा धडा आपण एवढ्या किमतीने शिकलो आहोत. तो गॅलरीच्या दारात चपलांसारखा काढून ठेवायचा? भांडुपच्या किंवा कर्जतच्या विद्यार्थिनीला पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या खोलीत, दारावरच्या रखवालदाराची नजर चुकवत उभे राहताना जो ‘अनुभव’ येतो, त्यात कलाकृतीचा वाटा किती आणि रखवालदाराचा किती? ‘नुसते अनुभवा’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला कोणी दारात अडवलेले नसते.

इथे गॅलऱ्यांच्या पदरात त्यांचे माप घालायलाच हवे. खाजगी गॅलऱ्यांत प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. पण तो खुला असतो असे नाही. आत गेल्यावर भिंतीवर जे टिपण लावलेले असते, ते बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत आणि तेही अशा इंग्रजीत, की इंग्रजीच्या प्राध्यापकानेही दोनदा वाचावे. ‘लिमिनल’, ‘मटेरिॲलिटी’, ‘अर्काइव्ह’, ‘इंटरव्हेन्शन’ हे शब्द कोणत्याही कामाला कसेही लागू पडतात. एका टिपणातले वाक्य दुसऱ्या प्रदर्शनात नेऊन लावले तर कोणाच्या लक्षात येणार नाही. ज्या शब्दांनी काहीच वगळले जात नाही, त्यांनी काही सांगितलेही जात नाही. २०२२च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातल्या सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. पाटी कायद्याने बदलते. टिपण कायद्याने बदलत नाही. त्यासाठी ते मराठीत लिहू शकणारा माणूस लागतो. तो माणूस तयार करण्याचे काम कोणाचे आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. आपल्या शहरात आज घडणाऱ्या कलेविषयी जिला चार नेमकी वाक्ये लिहिण्याची सवय नाही, त्या भाषेच्या अभिजातपणाचा विद्यार्थ्याला उपयोग काय?

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे पुष्कळांना वाटते. विकत घेणारे श्रीमंत आहेत, हे खरेच. पण पाहणे आणि विकत घेणे यांत घोटाळा का करावा? सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होते आणि लोकलमधला, इराण्याच्या हॉटेलातला, बांधकामावरचा माणूस रंगवत होते. २००८-०९मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवले. हे काम एका चित्रकाराने केले. गावोगाव मराठी विभाग असलेल्या महाविद्यालयांनी काय केले? कोची-मुझिरिस बिनाले २०१२ साली सुरू झाली. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही जे. जे.चे विद्यार्थी. मुंबईत शिकलेल्यांनी केरळ सरकारच्या साहाय्याने कोचीत जे उभे केले, ते मुंबईत का उभे राहिले नाही, याचे उत्तर केवळ पैशात सापडणार नाही. मुंबईत पैसा आहे. मागणी नाही, आणि मागणी निर्माण करणारी भाषा नाही.

आणखी एक समजूत अशी, की मांडणशिल्प मराठी माणसाला नवे नाही, लालबागचे देखावे हीच आपली मांडणशिल्पे. हे अर्धे खरे आहे. उभारलेल्या अवकाशातून चालत जाण्याची सवय आपल्याला आहे, हे त्यातले खरे. पण देखावा आपला संदेश कर्ण्यावरून सांगून टाकतो; मांडणशिल्प तो सांगत नाही, उलट पाहणाऱ्यावर सोपवते. त्यामुळे ‘आमच्याकडे हे होतेच’ म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. त्या सवयीपासून सुरुवात करून पुढे जायचे आहे.

२०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. उद्घाटनात अमोल पालेकर संस्थेच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याबद्दल बोलत असताना त्यांना वारंवार थांबवण्यात आले. त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ज्या बरव्यांसाठी तो समारंभ होता, त्यांच्या चित्रांविषयी त्या गदारोळाच्या एक दशांश तरी मराठीत लिहिले गेले का? बरवे मराठीत विचार करणारे चित्रकार होते. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. त्यांच्या चित्रांतली घड्याळे, पाने, पाकिटे, वस्तूंच्या सावल्या यांचे व्याकरण उलगडण्यासाठी इंग्रजीचा दरवाजा ठोठावण्याची मुळीच गरज नव्हती. किल्ली आपल्याच कपाटात होती.

म्हणून काही मागण्या, आणि त्या आपल्याकडूनच. सौंदर्यशास्त्राची प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष पाहिलेल्या एका कलाकृतीवरील सक्तीच्या प्रश्नाशिवाय काढली जाऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए.ला आता ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. विद्यार्थी वृत्तपत्रांत, प्रकाशनसंस्थांत पाठवले जातात, तसे ते कलादालनांत पाठवावेत आणि तिथली टिपणे त्यांनी मराठीत लिहावीत. भाषांतर म्हणून नव्हे, स्वतः पाहून. वाङ्मयीन नियतकालिकांनी पुस्तकपरीक्षणाच्या बरोबरीने प्रदर्शनपरीक्षणाला जागा द्यावी. आणि ज्या दिवशी कोणी विद्यार्थी ‘सर, यातले काही कळत नाही’ म्हणेल, त्या दिवशी त्याला ‘मलाही नाही’ म्हणून सोडून देऊ नये, ‘नुसते अनुभव’ म्हणूनही सोडून देऊ नये. त्याला विचारावे : नेमके काय कळत नाही? ते लिहून आण. त्या उत्तरापासूनच समीक्षेला सुरुवात करता येईल.